किरकोळ दुरुस्त्या

"खालची ओळ वाचा," चष्म्याच्या दुकानातला माणूस म्हणाला.

अक्काने वाचली.

"त्याच्या खालची?"

तीही वाचली. मग मान जराशी पुढे करून तिनेच विचारलं, "आणि अगदी तळाशी बारीक आहे ते वाचायचं नाही का? तक्ता छापणाऱ्याचा पत्ता दिसतोय." तो पत्ताही तिने घडाघडा वाचून दाखवला.

चष्मेवाला हसला. "बाई, तुमच्या वयाला ही नजर म्हणजे नशीबच म्हणायचं. लांबचं उत्तम आहे. जवळचा आहे तो चष्मा बरोबर आहे. बदलायची काही गरज नाही."

असं ऐकून कुणाचाही चेहरा उजळला असता. अक्काचा पडला.

"नीट बघा हो, काहीतरी असेलच. लिहिलेलं एक आणि दिसतं भलतंच, असं होतं का हो कधी?"

"अक्षर पुसट दिसतं, दोन दोन दिसतं. शब्दच्या शब्द बदलून दिसायचा रोग आमच्याकडे नाही."

"पण मला दिसला ना. लिहिलं होतं 'फक्त पातळ', आणि मी वाचलं 'मऊ'. एकदा नाही, दोनदा वाचलं."

चष्मेवाल्याने शेजारच्या स्टुलाकडे पाहिलं. तिथे अक्काचा धाकटा भाऊ तिची पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, डोक्यावर चार केस. त्याला बाळ्या म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं आणि ते आत्ता डोळ्यांवरून तपासणीची लोखंडी चौकट काढत होतं. बाळ्याने नजर चुकवली. अक्काने 'मऊ' वाचलं कारण तिथे 'मऊ'च लिहिलेलं होतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. ते तसं कुणामुळे लिहिलं गेलं तेही माहीत होतं. हे त्याच्याशिवाय फक्त त्याच्या मालकाला ठाऊक होतं. आणि तरी हा पठ्ठ्या पिशवी सांभाळत बसला होता.

"मग जरा जास्त नंबरचा द्या," अक्का म्हणाली.

"जास्त नंबरचा लावलात तर चांगले डोळे बिघडतील. पोरखेळ आहे का?" चष्मेवाल्याने दिवा बंद केला.

बाळ्याचं काम सांगायला सोपं आणि ऐकायला कंटाळवाणं. मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये माहिती ठेवायला एक डेटाबेस असतो. तो असतो गोदामावरच्या खडूस कारकुनासारखा. आकडा द्या, घेतो. अक्षरं द्या, घेतो. बाकी काही पुढे केलंत की हात वर. तारीख? चालत नाही. औषधांची यादी? चालत नाही. 'या माणसाला काय भरवायचं' याचे ठरलेले प्रकार? ते तर मुळीच नाही. म्हणून खिडकीशी कुणीतरी उभं राहून तारखेचा आकडा करून आत द्यायचा आणि बाहेर येताना त्या आकड्याची पुन्हा तारीख करायची. हे उलटसुलट करणारे तुकडे लिहिण्यात बाळ्याची नोकरीची वर्षं गेली होती. ऑफिसातली तरुण मंडळी त्याला काका म्हणत आणि चिडवत, "काका म्हणजे कपडे उलटे करून वाळत घालणार आणि सुलटे करून घडी घालणार." काका हसत. जेवढं उलटं केलं तेवढंच सुलटं झालं पाहिजे, एवढाच या धंद्याचा धर्म. पगार वेळेवर मिळत होता आणि त्याच्या हातून आजवर कुणाचं वाईट झालेलं नव्हतं. असं तो समजत होता.

अ‍ॅप होतं वृद्धाश्रमांसाठी. कुणाला कुठली गोळी, कुणाची कूस कधी बदलायची, कुणाला काय भरवायचं, सगळं सेविकांच्या मोबाईलवर. अशा इमारतींच्या भिंती जाड, आत नेटवर्क धड लागत नाही, म्हणून सगळं फोनच्याच पोटात साठवलेलं. अक्का नोकरीला होती त्या आश्रमानेही हेच अ‍ॅप घेतलं, तेव्हा तिथल्या मोठ्या बाईंनी खाटांच्या पायथ्याशी लटकणाऱ्या सगळ्या पाट्या काढून टाकायला लावल्या. पाट्यांवरचं अक्षर कुणाला लागत नाही, त्या पडतात, हरवतात. आता फोनवर बघायचं आणि फोनवर आहे तेच करायचं. सेविका कुरकुरल्या. अक्का कुरकुरली नाही. "आमच्या बाळ्यानं केलंय हे," असं सांगत ती एकेकीला फोन कसा उघडायचा ते शिकवत होती. आयुष्यभर म्हाताऱ्यांची अंगं पुसली, त्यांना भरवलं, पण तिच्या हाताखालच्या माणसाच्या पाठीला कधी जखम झाली नाही. हे ती स्वतः कधी सांगत नसे. दुसरं कुणी सांगायला लागलं की मात्र मध्ये थांबवत नसे.

भरवायचे प्रकार चार होते. सर्व काही, मऊ, फक्त पातळ, नळीने. हे शब्द डेटाबेसला कळत नाहीत म्हणून बाळ्याने सात वर्षांपूर्वी सोपी युक्ती केली होती. शब्द साठवायचाच नाही, रांगेतला नंबर साठवायचा. मऊ म्हणजे दोन, पातळ म्हणजे तीन. नावानिशी साठवलं असतं तर चार ओळी जास्त लिहाव्या लागल्या असत्या. त्या दिवशी त्याला लवकर घरी जायचं होतं. का जायचं होतं ते आता त्याला आठवतही नाही. खाली त्याने स्वतःसाठी लिहून ठेवलं, 'पुढेमागे नीट करणे.' पुढेही झालं नाही आणि मागेही.

मग मोठ्या बाईंनीच नवा प्रकार मागितला, 'बारीक चिरून'. ऑफिसात पडद्यांची मांडणी करणारी मुलगी म्हणाली, "काका, हा 'सर्व काही'च्या लगेच खाली घ्या. ओळीने वाचायला बरं." काकांनी घेतला. दोन शब्द आणि एक स्वल्पविराम. नव्या कोऱ्या फोनवर चालवून पाहिलं, सगळं झकास. कोऱ्या फोनवर झकासच असणार, त्यात जुनी माणसं कुठे होती?

जुन्या फोनांत मात्र रांगेत मध्येच एक घुसला आणि मागचे सगळे एकेक पाऊल सरकले. तीन नंबरवर पूर्वी 'फक्त पातळ' उभा होता, तिथे आता 'मऊ' येऊन उभा राहिला. आकडा तोच, तीन. माणूस तोच. त्याचा घसाही तोच.

दोन दिवसांनी दुसऱ्याच एका आश्रमातून फोन आला. नळी लावलेल्या सगळ्यांपुढे 'फक्त पातळ' दिसतंय, हे काय? पाहायचीसुद्धा गरज नव्हती, खुर्चीत बसल्या बसल्या बाळ्याला कळलं. त्याने 'बारीक चिरून' उचलून रांगेच्या शेवटी टाकला, त्या दोन दिवसांत नव्याने भरलेल्या थोड्या नोंदी जागेवर आणल्या आणि दुपारच्या जेवणाला अपडेट पाठवून दिलं. अपडेटमध्ये नवं काय ते लिहायची एक जागा असते. तिथे नेहमी लिहितात तेच त्याने लिहिलं, 'किरकोळ दुरुस्त्या'.

संध्याकाळी अक्काचा फोन आला. "बाळ्या," ती म्हणाली, "माझ्या हातून माणूस गेला रे."

वरच्या मजल्यावरचे घड्याळवाले आजोबा. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, मग झटका आला आणि अर्धं तोंड लुळं पडलं. गिळायचं म्हटलं की ठसका. वरच्या मजल्याची सेविका तापाने आजारी, म्हणून त्या सकाळी अक्काला वर पाठवलं होतं. नेहमीची बाई असती तर तिने फोन उघडलाच नसता, कुणाला काय चालतं ते तिच्या हाताला पाठ होतं. अक्का नवखी, म्हणून तिने नियमाने फोन उघडला. दोनदा वाचलं. उकडलेला बटाटा दुधात कालवून भरवला. तिसऱ्या घासाला आजोबांचा जीव घुसमटला. अक्काने पालथं घातलं, पाठीत थापट्या मारल्या, बोट घालून काढायचं ते काढलं, ओरडून डॉक्टरांना बोलावलं. जेवढं माणसाला करता येतं तेवढं तिने केलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी सगळ्या सेविकांना बोलावलं आणि अक्काचाच फोन तिच्या हातात दिला. "वाचा."

"फक्त पातळ," अक्काने वाचलं.

"मोठ्यानं."

"फक्त पातळ."

कुणी आवाज चढवला नाही. "वय झालं आता, घरी आराम करा," एवढंच बाई म्हणाल्या. अक्काने वादही घातला नाही. स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं, त्यावर वाद कसला घालणार?

बाळ्या मालकाकडे गेला. मालक त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, बोलायला गोड. आश्रमाकडून विचारणा आलेलीच होती, की त्या सकाळी नोंद काय होती ते कळवावे.

"काका, एक सांगा. आजोबांच्या नावापुढचा आकडा कधी बदलला होता?"

"आकडा नाही बदलला. तीनच होता. त्याचा अर्थ बदलला होता."

"मी अर्थ नाही विचारत. आकडा?"

"नाही बदलला."

"मग तसंच कळवा की. 'सदर नोंद पहिल्या दिवसापासून आजतागायत बदललेली नाही.' यात खोटं काय आहे?"

"साहेब, माझी बहीण आहे ती."

मालकाने आश्रमाची विचारणा पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचली. वाईट माणूस नव्हता, वाईट माणसं एवढा विचार करत नाहीत. "काका, तुमची बहीण म्हणून मला दुप्पट वाईट वाटतं. पण ऑफिसात चाळीस माणसं आहेत. एक आश्रम हलला की सगळे हलतील. आजोबा परत येणार आहेत का? नाही ना? मग झाकली मूठ सव्वा लाखाची. ताईंना आपण कुठेतरी दुसरीकडे लावून देऊ."

उत्तर बाळ्यानेच लिहिलं. त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. खाली त्याचं नाव होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात, पण इथे ओठ फुटल्याचं दातांना चांगलं ठाऊक होतं आणि दात निवांत होते. रोज रात्री तो ठरवायचा, उद्या सांगू. सकाळी अक्का फोनवर म्हणायची, "जेवलास का रे?" आणि हा म्हणायचा, "हो."

चष्म्याच्या दुकानातून दोघं अक्काच्या घरी आली. दोनच खोल्या, पण काचेसारख्या लख्ख. अक्काने चहाला आधण ठेवलं आणि फ्रिजमधून दुधाची पिशवी काढून त्याच्यासमोर धरली.

"तारीख वाच रे यावरची."

"वाच की तूच."

"नको. तू वाच."

त्याने वाचली. उद्यापर्यंत चालणार होतं.

"नक्की ना?" तिने विचारलं. मग सहज, भाजीचा भाव सांगावा तशी सांगू लागली. "शेजारणीच्या सासूला मी डोळ्यांत थेंब घालायची ना, ते सोडलं. म्हटलं, बाटली बदलायची एखादी. गॅस बंद केला की शेजारणीला हाक मारते, बघून जा गं एकदा म्हणते. तीही कंटाळली असेल बिचारी. परवा तिचं तान्हं जरा धर म्हणाली. मी नाही धरलं."

अक्काने तान्हं धरलं नाही. बाळ्याने हातातली दुधाची पिशवी खाली ठेवली. पाठचा भाऊ झाला तेव्हा आठ वर्षांची ही पोर त्याला कमरेवर घेऊन अख्ख्या आळीत फिरायची, हे त्याने शंभरदा ऐकलं होतं.

"अक्का, तू बरोबर वाचलं होतंस."

"काय?"

"'मऊ'च लिहिलेलं होतं. मी लिहिलं होतं."

मग त्याने सांगितलं. आधी त्याच्या धंद्याच्या भाषेत सांगायला लागला, अक्का म्हणाली, "नीट सांग." मग त्याने ओट्यावरचे डबे ओळीने मांडले आणि मध्ये एक नवा सरकवून दाखवला. फोनला डब्यातलं काही कळत नाही, त्याला फक्त 'तिसरा डबा' एवढंच ठाऊक असतं. अक्काला ते एका झटक्यात कळलं. आश्रमात खाटा हलवल्या की हेच होतं, ती म्हणाली, म्हणून तिथे खाटेच्या नंबरने नाही, माणसाच्या नावाने हाक मारायची असते.

"म्हणजे मी वाचलं ते 'मऊ'च होतं."

"हो."

"दोन्ही वेळा."

"दोन्ही वेळा."

"पुन्हा सांग."

"'मऊ'च होतं, अक्का. तुझे डोळे चांगले आहेत."

अक्का भिंतीला टेकून खाली बसली. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की बाळ्याला वाटलं, ती आता हसणार. कित्येक दिवसांनी तिने श्वास पुरता सोडला. आधण उकळून अर्धं झालं होतं, तिकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

"तुला कधी कळलं?" तिने विचारलं.

"त्याच दिवशी."

"माझा फोन आला तेव्हा?"

"त्याच्या आधी."

"म्हणजे मी फोनवर रडत होते तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"आणि आत्ता त्या दुकानात? मी त्या माणसाच्या विनवण्या करत होते, नीट बघा, नीट बघा?"

"तेव्हाही," बाळ्या म्हणाला.

अक्काने गॅस बंद केला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला सोसवलं असतं. "मी आजोबांच्या मुलीकडे जाऊन आले," ती म्हणाली. "तुला सांगितलं नव्हतं. कुणी पाठवलं नव्हतं मला. दारात उभी राहिले आणि म्हटलं, बाई, माझ्या हातून गेले तुमचे वडील, मला वाचता आलं नाही. ती आधी नुसती बघत राहिली. मग माझ्या गळ्यात पडून रडली. म्हणाली, तुम्ही मुद्दाम केलं का? वय झालं तुमचं, मी नाही धरणार मनात. मला माफ केलं रे तिनं. आता पुन्हा तिच्या दारात जाऊन काय सांगू? माझ्या नाही, माझ्या भावाच्या हातून गेले?"

"मी जातो. मी सांगतो तिला. आधी मोठ्या बाईंना सांगतो."

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. जाऊ ना, अक्का?"

ती एकदम तडकली. "मला विचारू नकोस! सांग म्हटलं तर तुझी नोकरी मी घालवली. नको सांगू म्हटलं तर तुझ्यासोबत मीही लपवलं. दोन्हीकडून हात माझाच. एकदा माझ्या हाताने झालं तेवढं पुरे. काय करायचं ते स्वतःच्या हाताने कर आणि ऊठ आता, मला केर काढायचाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात न जाता बाळ्या थेट आश्रमात गेला. मोठ्या बाईंची खोली तळमजल्यावर, टेबलावर काच, काचेखाली पाहुण्यांच्या वेळा. बाई कामसू होत्या, थकलेल्या होत्या. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं मध्ये न तोडता ऐकून घेतलं. त्याने लॅपटॉप उघडून आधीची ओळ आणि नंतरची ओळ दाखवली.

"मला यातलं काय कळणार?" बाई म्हणाल्या. "तुम्ही दाखवाल ती ओळ."

"खरं सांगतोय बाई, चूक माझी होती."

"तुमच्या कंपनीचं उत्तर आहे माझ्याकडे. नोंद कधीच बदललेली नाही. खाली तुमचंच नाव आहे."

"नोंद बदलली नाही हे खरं आहे. दिसत मात्र वेगळं होतं."

"हे बघा," बाईंचा आवाज मऊ होता, "तुम्ही त्यांचे भाऊ. तुमच्या जागी मी असते तर मीही आले असते. माझा भाऊ नाही येणार असा, तुम्ही आलात. पण भावाच्या सांगण्यावर मी चौकशी फिरवू?"

"दुसऱ्या आश्रमातही हेच झालं होतं. त्यांनी फोन केला म्हणूनच मला कळलं. विचारा त्यांना."

"तिथे कुणी दगावलं?"

"नाही. तिथल्या सेविकेने नळी पाहिली, फोनवर भलतंच दिसतंय म्हणून कळवलं."

"बघा," बाई म्हणाल्या. "तिनं माणसाकडे पाहिलं."

बाळ्याला तोंडात मारल्यासारखं झालं. पाट्या कुणी काढायला लावल्या, फोनवर आहे तेच करायचं असं कुणी सांगितलं, हे त्याच्या ओठांवर आलं. त्याने विचारलंही. बाईंनी टेबलावरचे कागद सरळ केले, आधीच सरळ होते ते. "कंपनीकडून तसं लेखी आणा," त्या म्हणाल्या. "मग बघू."

त्याने तिथूनच मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, "काका, कंपनीने खरं तेच लिहून दिलंय, आता वेगळं काय लिहून देऊ?" मग थांबून म्हणाला, "चार दिवस रजा घ्या. भरपगारी." नोकरीसुद्धा गेली नाही. ती जाईल एवढ्या किमतीचंही काही त्याच्या बोलण्यात उरलं नव्हतं.

आजोबांच्या मुलीच्या दारावरची घंटा त्याने वाजवली. तिने दार अर्धवट उघडून ऐकलं. अर्ध्यातच तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "त्या बाईंनी किती सरळ सांगितलं होतं," ती म्हणाली. "रोज मी स्वतःला समजावते, की चूक झाली, वय झालं होतं. आणि आता तुम्ही म्हणताय मोबाईलने झालं. मी कितीदा नव्याने ऐकायचं हो? जा तुम्ही." दार लागलं. आत कडी सरकल्याचा आवाज आला.

अक्काचं घर तिथून दूर नव्हतं. तरी तो उगाच लांबच्या रस्त्याने गेला. काय सांगायचं ते जुळवत राहिला. जन्मभर एकाचं दुसऱ्यात बसवलं, हे काही कशात बसेना.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत अक्का खुर्चीत ताठ बसली होती. अंगात आश्रमाचा फिकट निळा गणवेश होता, इस्त्री मोडू नये म्हणून ती पाठ न टेकता बसली होती. केस घट्ट बांधले होते. मला विचारू नकोस म्हणणारी बाई सकाळपासून तयार होऊन बसली होती. एकदा खरं कळलं की बोलावणं येणारच, दुपारच्या पाळीला माणूस कमी असतं, हे तिने मनाशी धरलं होतं.

"काय म्हणाल्या बाई?"

"म्हणाल्या, भाऊ आहात म्हणून बोलताय."

अक्काने गणवेशाची बाही सरळ केली.

"आणि ती मुलगी?"

त्याने नुसती मान हलवली.

"बरं," अक्का म्हणाली. ती उठली, आत जाऊन तांदळाचं ताट घेऊन आली आणि पुन्हा त्याच खुर्चीत बसली. खडे निवडू लागली. बारीकसुद्धा तिला लगेच दिसत होते. ती ते उचलून बाजूला ठेवत होती. बाळ्या समोर उभा होता. त्याला तिने बस म्हटलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

"अक्का, कपडे तरी बदल," शेवटी तो म्हणाला. "डाग पडेल."

"पडू दे," ती म्हणाली.

गणवेश तिने दिवेलागणीपर्यंत काढला नाही.